भेगेच्या टोकाची तारीख

यंदा गुढीपाडवा गुरुवारी, 19 मार्चला. त्याच दिवशी पद्मनगरात उगादी, आणि चंद्र दिसेल तशी शुक्रवारी किंवा शनिवारी ईद. भिवंडीत असा आठवडा आला की रंगाच्या दुकानात कोण कुठल्या मोहल्ल्यातून आला हे विचारायला कुणाला सवड नसते. चुना, डिस्टेंपर, पुट्टी, ब्रश यांची एकाच गल्ल्यावर गर्दी होते. पंखे उतरवून पुसले जातात, माळ्यावरची पितळेची भांडी खाली येतात, रंगाऱ्याचा भाव वाढतो आणि शेवटी घरातलेच दोघे-तिघे शिडीवर चढतात. शके 1948 हे संवत्सर पंचांगाप्रमाणे ‘पराभव’ नावाचे आहे. संकल्प सोडणाऱ्यांनी ते मनाला लावून घेऊ नये, साठ नावांच्या फेऱ्यात ते आपल्या पाळीने येते इतकेच.

संकल्प सुटतातच. यंदा स्वयंपाकघराला नवी फरशी, पुढच्या खोलीला फॉल्स सीलिंग, मुलीसाठी टेबल, आपले वजन सहा किलोने खाली, सकाळी चालायला वऱ्हाळादेवी तलावापर्यंत, गहाण पडलेल्या पाटल्या सोडवणे. कुणी वहीत लिहितो, कुणी मोबाइलमध्ये, बहुतेक जण मनात. दिवाळीच्या पाडव्याला पेढीवरची वही उघडते, पूजा होते, वर्षाचा हिशेब लागतो. घराच्या यादीला तसा दिवस नसतो. ती कुठे राहिली हे दिवाळीपर्यंत कुणाला आठवत नाही.

पण विसरले जाणे हा तिचा लहान दोष झाला. मोठा दोष असा की या याद्या नेहमी काय आणायचे, काय वाढवायचे हेच विचारतात. जे आहे ते किती झिजले, याची ओळ त्यात सापडत नाही. दुसऱ्या एखाद्या गावात ही चूक परवडली असती. भिवंडीने तिची किंमत मोजलेली आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या आगरी-कोळी-कुणबी घरांना वर्षाचे उद्दिष्ट ही गोष्ट नवी नव्हती, फक्त तिला कुणी उद्दिष्ट म्हणत नसे. बेगमी म्हणत. होळी झाली की राब भाजायचा, लाकूडफाटा आणि शेणी आत घ्यायच्या, मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला कुटून घ्यायचा, जवळा-बोंबील-सोडे उन्हात घालून डब्यात भरायचे, पापड-कुरडया करायच्या, कौले उतरवून फुटकी बदलायची आणि घर शाकारायचे, पडवीला झावळ्यांचा आडोसा बांधायचा. या सगळ्याला मुदत एकच होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो, त्याच्या आत. ही मुदत कुणाच्या जिद्दीवर सोडलेली नव्हती. ती आभाळाने ठरवलेली होती आणि चुकली तर गळके छप्पर चार महिने डोक्यावर बसे. प्रगती कळण्यासाठी वेगळी नोंद लागत नव्हती. बरणी भरली की नाही ते दिसत होते. आणि यादीतल्या कामांपैकी निम्मी कामे दुरुस्तीची आणि साठवणीची असत. नवी वस्तू घेणे त्यात शेवटी येई, तेही भाताला भाव मिळाला तर.

ही गोष्ट जुन्या दिवसांची आरती ओवाळण्यासाठी सांगत नाही. ते काम बहुतांशी बायकांच्या कमरेवर आणि चुलीच्या धुरात होत होते. पण त्या पद्धतीत जे शहाणपण होते ते स्लॅबच्या घरात आलो तेव्हा मागे राहिले. कौलाचे घर दर वर्षी स्वतःहून तक्रार करते, थेंब थेट पानात पडतो. स्लॅबचे घर वर्षानुवर्षे गप्प बसते. म्हणून आपल्याला वाटले की आता शाकारणीची कटकट संपली.

संकल्प टिकत नाहीत, हे तर जगभरचे रडगाणे आहे. अमेरिकेत स्क्रॅन्टन विद्यापीठातल्या जॉन नॉरक्रॉस यांनी 1980 च्या दशकात दोनशे जणांच्या नववर्ष संकल्पांचा दोन वर्षे माग काढला. आठवडाभर 77 टक्के लोक टिकले, दोन वर्षांनी 19 टक्के. आम्हाला मात्र याहून मोलाचा दाखला भिवंडीसारख्या सुताच्या गावाला शोभेल असा, जवळचा सापडतो. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि सभासदत्वाची वर्गणी पैशांऐवजी सुतात ठरली: महिन्याला 2,000 वार, वर्षाला 24,000 वार. मीटरमध्ये धरले तर वर्षाकाठी सुमारे 22 किलोमीटर सूत. वैयक्तिक संकल्पाला इतके स्वच्छ माप क्वचितच कुणी दिले असेल. वार मोजता येतात, महिना मोजता येतो, सबबीला जागा नाही. पण ज्याला कातायचे नाही किंवा जमत नाही, त्याने दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत दिले तरी चालेल, अशी सवलतही सोबत होती. मग सूत विकत आणून भरण्याची वाट मोकळी झाली. पुढच्या सप्टेंबरात, पाटण्याच्या बैठकीत, चार आणे किंवा स्वतः कातलेले सूत असा पर्याय द्यावा लागला. वर्षही धड पुरे झाले नव्हते.

माप चोख होते. पण ते मोजत होते सूत, आणि गांधीजींना हवी होती रोज अर्धा तास चरख्यापाशी बसणारी माणसे. माप आणि हेतू यांच्यात फट राहिली की माणूस मापाला खूश करतो. आपल्या घरांच्या याद्यांचेही हेच होते. ‘घर नीट करायचे’ हा हेतू असतो आणि फरशी बदलली हे माप होते. फरशीचा फोटो नातेवाइकांना पाठवता येतो.

आता त्या फरशीचाच हिशेब करू. तीनशे चौरस फुटांची दोन खोल्यांची जागा घ्या, भिवंडीत पुष्कळ संसार एवढ्यातच आहेत. जुनी फरशी फोडायचा खर्च आणि धूळ नको म्हणून तिच्यावरच दोन इंच मसाला घालून नवी टाइल बसवली, तर त्या मजल्यावर तीन टनांच्या आसपास नवे वजन चढते. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस माणसे त्या दोन खोल्यांत येऊन उभी राहिली आणि परत कधी गेलीच नाहीत. पाणी दिवसाआड येते म्हणून पोटमाळ्यावर किंवा गच्चीत हजार लिटरची टाकी बसवली, की आणखी एक टन. वरच्या घराने हेच केले, शेजारच्याने खोली मोठी करायला मधली भिंत काढली, आणि तळमजल्यावर माग दिवसरात्र धडधडत आहेत. यातले प्रत्येक काम कुणाच्या तरी पाडव्याच्या यादीतले, घामाच्या पैशाने पुरे केलेले.

काँक्रीटच्या आतली गोष्ट आणखी सावकाश चालते. स्लॅबमधल्या सळीवर काँक्रीटचे जेमतेम इंचभर कवच असते. मोरीची फरशी झिरपते, गच्चीचे पाणी मुरते, हवेतला वायू वर्षानुवर्षे आत शिरतो आणि सळीला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा क्षारगुण उतरत जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो. ती जागा तो आतून ढकलून मिळवतो: आधी सळीच्या रेषेने भेग, मग तांबूस डाग, मग गिलावा फुगतो आणि एके दिवशी पोपडा खाली येतो. इथेच फॉल्स सीलिंग कामाला येते. ते सगळे झाकून टाकते. वर्षाचे सर्वांत देखणे काम म्हणून जे केले, त्याने घराची एकुलती एक तक्रार ऐकू येणे बंद होते.

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमध्ये जिलानी इमारत कोसळली. माणसे झोपेत होती. चाळीसच्या आसपास जीव गेले, त्यात लहान मुले होती. 29 एप्रिल 2023 ला वळपाड्यात वर्धमान कंपाउंडमधली इमारत पडली, आठ जण दगावले. दुसरी तारीख मुद्दाम बघावी. ऐन उन्हाळा होता. इमारत पडायला पाऊसच लागतो असे नाही. या दोन ठिकाणी नेमके काय चुकले, कोण चुकले, हा तपासाचा आणि न्यायालयाचा विषय आहे, त्यावर या जागेवरून निवाडा देणार नाही. पण त्या इमारतींतल्या घरांतही पाडवा, उगादी, ईद येत होती आणि भिंतींना रंग लागत होता.

मग घराची प्रगती मोजायची कशी? बांधकामातल्या जुन्या माणसांकडे याचे एक फुकटचे साधन आहे. भिंतीला भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. महिन्याने पाहायचे. भेग रेघ ओलांडून गेली असेल तर नवी रेघ, नवी तारीख. भेगेच्या रुंदीवर काचेची अरुंद पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टरने चिकटवली तर अधिक चांगले. पट्टी तडकली म्हणजे भेग जिवंत आहे, अभियंत्याला बोलावायची वेळ झाली. गिलाव्यावरच्या केसासारख्या जाळीदार रेघांना घाबरायचे कारण नसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, कालपर्यंत लागणारे दार आज अचानक अडकणे, तुळईखालचे तांबूस डाग, यांची तारखेसह वहीत नोंद घ्यायची. खांबाला उभी भेग दिसली तर पेन्सिल खिशात ठेवून त्याच दिवशी जाणकाराला गाठायचे. तिथे महिन्याची वाट पाहणे नाही.

या पद्धतीने ठेवलेल्या वहीत एक गंमत होते. वर्षअखेर उघडली आणि दिसले की मार्चमधली रेघ जिथे होती तिथेच भेग थांबली आहे, तर ते वर्ष यशाचे. काही घडले नाही, हेच घडले. हे यश कुणाला दाखवता येत नाही, त्याची मिठाई वाटता येत नाही, आणि म्हणूनच ते कुणाच्या यादीत नसते. आम्हाला वाटते, चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या आणि तीस वर्षे ओलांडलेल्या इमारतीच्या बहुतेक उद्दिष्टांचे स्वरूप हेच असायला हवे. रक्तदाब वाढला नाही. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती चाचणी गेल्या पाडव्याला होती तिथेच आहे. कर्जाचा आकडा वर सरकला नाही. साखरेच्या त्या चाचणीत रोजचा चढउतार दिसत नाही, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळाची साक्ष देतात. रोज काटा पाहून हरखणाऱ्या-खचणाऱ्यांनी मोजणीचा हा सावकाश ताल शिकण्यासारखा आहे. वजन सहा किलोने उतरवायचा संकल्प करून एप्रिलमध्ये सोडून देणाऱ्यापेक्षा, वर्षभर एक किलोही वाढू न देणारा आमच्या लेखी पुढे आहे.

इथे कारखान्यातला कामगार म्हणेल, मोजमाप आम्हाला शिकवू नका. त्याचे बरोबर आहे. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, प्रत्येक ताक्याची नोंद मेहताच्या, म्हणजे मुनिमाच्या, वहीत, पडलेला खाडा पगारातून वजा. ज्याचा दिवस दुसऱ्याने मीटरमध्ये मोजला, त्याने रात्री स्वतःला आणखी मोजावे ही अपेक्षा भरल्या पोटीची आहे. पण त्या वहीत एक रकाना कधीच नसतो. मागाच्या आवाजाने कान किती गेले, सुताच्या कणांनी छाती किती भरली, हे मेहता लिहीत नाही. कापडाची नोंद काटेकोर आणि विणणाऱ्याच्या झिजेची नोंद शून्य, ही आपल्या शहराची हिशेबाची रीत घरात शिरली असेल तर नवल नाही.

घरात एक वही आधीपासून टांगलेली आहेच. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केले आणि मराठी घराला पंचांगासोबत नकळत एक रोजनिशी मिळाली. दुधाचा खाडा, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीची उचल, बाळाच्या लशी, सगळे त्या चौकोनांत. बहुतेक घरांत ही नोंद गृहिणी ठेवते. चूक म्हणावी तर तिच्या नोंदीत नाही. डिसेंबर संपला की ते कॅलेंडर उतरते आणि त्याची पाने फडताळात अंथरली जातात किंवा पुस्तकांना कव्हर म्हणून जातात. पेढी आपल्या जुन्या वह्या बांधून ठेवते, घर आपल्या जुन्या वर्षावर वाटाण्याचे डबे ठेवते. टाकी गेल्या खेपेला कधी धुतली, गच्चीला डांबर कधी लावले, मोरीची गळती प्रथम कधी दिसली, या प्रश्नांना मग ‘झाली असतील दोन-तीन वर्षे’ हे एकच उत्तर असते. ते कधी दोनचे असते, कधी सातचे.

आणि घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की नोंद ठेवणारे कुणीच नाही. खांब, जिना, गच्ची, पाण्याचा पाइप, ड्रेनेज हे सगळ्यांचे, म्हणून कुणाच्याच यादीत नसतात. आतल्या खोल्यांना दर दोन वर्षांनी रंग आणि जिन्यात पिंपळ उगवलेला, असे दृश्य पाहायला शहरात लांब जावे लागत नाही. पिंपळ दिसतो तेव्हा बोटाएवढा असतो, मुळे आत हातभर गेलेली असतात. सोसायटी नोंदलेली असली तरी वार्षिक सभेत भांडण पार्किंगवर होते. अनेक इमारतींत सोसायटीच नाही. मालक एक, भाडेकरू दुसरा, पोटभाडेकरू तिसरा, कागदपत्रे चौथ्याकडे. तिथल्या माणसाला ‘आपल्या इमारतीची काळजी घ्या’ असे अग्रलेखातून सांगणे सोपे आहे. अभियंत्याची फी कोण देणार आणि त्याने वाईट सांगितले तर जायचे कुठे, या भीतीने तो तपासणीच टाळतो. तो बेफिकीर असतो असे नाही.

कायद्याने हे त्याच्यावर एकट्यावर सोडलेले नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातले कलम 265-अ सांगते की इमारतीला तीस वर्षे झाली की नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तिची तपासणी करून स्थैर्याचे प्रमाणपत्र पालिकेला दिले पाहिजे. ही तीस वर्षे मोजायची कुठून, तर पूर्णत्वाचा दाखला, वापर परवाना किंवा निम्म्या बांधकामात प्रत्यक्ष वस्ती, यांपैकी जे आधी घडले तिथून. म्हणजे दाखलाच नसलेली इमारतही सुटत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-2अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-2ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायची, सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. शहराने आपल्या घरांची ठेवलेली ही वार्षिक वहीच म्हणायची. पण यादीत नाव नाही याचा अर्थ इमारत ठणठणीत आहे असा होत नाही. कदाचित तिथे कुणी पोचलेच नसेल.

पाडव्यापासून मृगापर्यंत जेमतेम अडीच महिने आहेत. एवढ्या वेळात गच्चीच्या पन्हळी साफ होतात, टाकीखालची गळती थांबते, जिन्यातला पिंपळ मुळासकट निघतो, दहा-बारा बिऱ्हाडांनी मिळून अभियंत्याला एकदा बोलावले तर फी वाटून जाते. महापालिकेकडूनही एक मागणी आहे. वर्गवारीच्या यादीत इमारतीचे नाव आणि वर्ग असतो. त्याशेजारी मागच्या तीन वर्षांत ती कोणत्या वर्गात होती, नोटीस कधी दिली आणि त्यानंतर काय दुरुस्ती झाली, हे रकाने छापावेत आणि ती यादी मे महिन्यात प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या बाहेर मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगूत लावावी. सी-3 मधली इमारत सी-2ब मध्ये सरकली असेल तर चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूला ते त्याच उन्हाळ्यात कळायला हवे, दारावर रिकामे करण्याचा कागद चिकटेपर्यंत थांबून नव्हे.